खांब कंपनीचा, आवार कुणाचं?

आपल्या वस्तीतलं पोरगं बारावीला बरे मार्क घेऊन निघालं की सल्ले द्यायला अख्खी चाळ गोळा होते. कुणी म्हणतं डॉक्टर करा. कुणी म्हणतं वकील करा, बाबासाहेब बॅरिस्टर होते. कुणी म्हणतं स्पर्धा परीक्षेला बसवा, साहेब होईल. आर्किटेक्ट करा म्हणणारा अजून कुणी निघाला नाही. एखाद्या पोरीनं हट्टानं बी.आर्क. केलंच आणि म्हणाली, मला पुढं डिझाइनमध्ये एम.आर्क. करायचंय, तर घरचे विचारतात, "पाच वर्षं नकाशेच काढलेस ना? आता आणखी दोन वर्षं कसले नकाशे? लाग की एखाद्या बिल्डरकडं." घरच्यांचा प्रश्न खोटा नाही. त्यांच्या डोक्यावर कर्ज आहे. पण चळवळीतली माणसंही हाच प्रश्न विचारतात तेव्हा तोंड उघडावं लागतं.

कारण दोस्तहो, नकाशा ही साधी चीज नाही. पिढ्यान्‌पिढ्या आपला गळा आवळला तो नकाशानंच.

गावाचा प्लॅन बघा. मध्ये देऊळ, पाटलाचा वाडा, चावडी. मग आळ्या, जातवार. मग गावकूस. आणि गावकुसाबाहेर, वाऱ्याच्या उतरणीला, पाण्याच्या खालच्या अंगाला, आपण. हे काय आभाळातून पडलं? कुणीतरी आखलं. कुणाची सांडपाण्याची वाट कुणाच्या दारातून जाणार, कुणी कुठल्या वाटेनं आत यायचं, कुणी कुठं थांबायचं, हे सगळं ठरवून केलेलं काम आहे. आजच्या कॉलेजात याला साइट प्लॅनिंग म्हणतात, झोनिंग म्हणतात. मनूच्या चेल्यांना हे शब्द ठाऊक नव्हते. पण धंदा पक्का ठाऊक होता.

सावलीचंच घ्या. आर्किटेक्चरच्या पोरांना पहिल्या-दुसऱ्या वर्षातच सूर्याचा मार्ग काढायला लावतात: कुठल्या तारखेला, किती वाजता, कुठल्या भिंतीची सावली किती लांब पडेल. घुर्ये यांनी जातीवरच्या पुस्तकात नोंदवलंय, की पेशवाईच्या पुण्यात महार-मांगांना दुपारी तीननंतर आणि सकाळी नऊच्या आत वेशीच्या आत येऊ देत नव्हते, कारण त्या वेळेला अंगाची सावली लांब पडते. हिशोब करून बघा. जानेवारीत सकाळी नऊला पुण्यात माणसाची सावली त्याच्या उंचीच्या दुपटीहून लांब असते. म्हणजे पेशव्यांच्या पुण्यानं सूर्याचा अभ्यास केला होता. फक्त तो घरात ऊन यावं म्हणून नव्हता, माणूस बाहेर राहावा म्हणून होता.

शहरात आलो तर सुटलो का? १८९६ साली मुंबईत प्लेग आला, १८९८ ला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला, त्यानं चाळी बांधल्या. बाबासाहेब परळच्या तसल्याच बीआयटी चाळीत वर्षानुवर्षं राहिले. १९२० च्या दशकात डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं बीडीडी चाळी बांधल्या. एका कुटुंबाला १६० चौरस फुटांची एक खोली, संडास मजल्याच्या टोकाला. कामगार झोपला पाहिजे आणि सकाळी गिरणीत गेला पाहिजे, एवढीच त्या खोलीमागची कल्पना. १९७४ साली वरळीच्या दंगलीत ह्याच चाळींतून आपली पोरं रक्तबंबाळ होऊन निघाली. पुढं स्वतंत्र भारतानं चंदीगड बांधलं, जगभर नाव झालं. तिथं सरकारी नोकरांची घरं दर्जावार आखली, मंत्र्यापासून शिपायापर्यंत तेरा प्रकार. आपल्याला हे गणित कुणी शिकवायला नको.

म्हणून सांगतो, डिझाइन म्हणजे दिवाणखान्यातला सोफा नव्हे. कोण कुठं उभा राहील हे ठरवायची ती सत्ता आहे. आणि ही सत्ता आपण सोडून दिलीय. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. त्याच साली दिल्लीत आर्किटेक्ट्स अ‍ॅक्ट झाला आणि आर्किटेक्ट ही पदवी कुणी लावायची ते कायद्यानं ठरलं. एकीकडं आपण रस्त्यावर आलो आणि दुसरीकडं रस्ता आखणाऱ्यांचं रजिस्टर उघडलं. त्या रजिस्टरकडं आपण फिरकलोच नाही म्हणायला हरकत नाही.

आता कोरेगाव भीमाला चला. दरवर्षी १ जानेवारीला जाताच. यंदा आर्किटेक्टचा डोळा घेऊन चला.

खांब आपण बांधला नाही. तो ईस्ट इंडिया कंपनीनं बांधला. १ जानेवारी १८१८ ला कॅप्टन स्टाँटनची तुकडी शिरूरहून रात्रभर चालून आली आणि पेशव्याच्या फौजेशी दिवसभर झुंजली. १८२१ मध्ये खांबाचा पाया घातला. सुमारे ६० फूट उंच, दगडी, वर निमुळता. हा आकार मूळ इजिप्तचा. युरोपच्या राजांनी तो उचलला आणि जिथं जिंकले तिथं रोवला. त्यावर इंग्रजी आणि मराठीत लेख आहे. पडलेल्यांची ४९ नावं आहेत आणि त्यांत २२ नावांच्या शेवटी 'नाक' आहे. कंपनीनं ही नावं आपल्या प्रेमापोटी कोरली नाहीत. जिंकल्याची पावती म्हणून कोरली. पुढं त्याच इंग्रजानं आपली भरती बंद केली, तेव्हा ह्या पावतीची त्याला आठवणसुद्धा राहिली नाही.

पण १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब तिथं आले आणि खांबाचा अर्थ फिरला. दगड तोच, उंची तीच, अक्षरं तीच. कंपनीच्या विजयाचा खांब अस्पृश्याच्या माणूसपणाचा खांब झाला. पुढं महार रेजिमेंटच्या बिल्ल्यावरही तो आला, स्वातंत्र्यानंतर तिथून काढला, तरी लोकांच्या मनातून हलला नाही. आर्किटेक्चरच्या पुस्तकांत यावर मोठमोठी प्रकरणं असतात, की वास्तूला अर्थ कोण देतो, बांधणारा की वापरणारा? त्याचं जितंजागतं उत्तर पुणे-नगर रस्त्यावर उभं आहे. त्यावर एम.आर्क. चे किती प्रबंध झाले पाहिजेत? आणि ते कुणी लिहिले पाहिजेत?

आता त्या आवाराकडं बघा. खांब उभा आहे तो पुण्याकडच्या काठाला, पेरण्याच्या हद्दीत, तालुका हवेली. नदीपलीकडं कोरेगाव, तालुका शिरूर. मध्ये पूल. मुख्य रस्ता एकच, तोच यायचा आणि तोच जायचा. त्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना गोडाऊनं, कारखाने, प्लॉटिंगच्या पाट्या. ३१ डिसेंबरच्या रात्रीपासून माणसं यायला लागतात, थंडीत उघड्यावर पडतात. म्हातारी माणसं, तान्ही पोरं कडेवर घेतलेल्या बाया. लाखांनी. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत सगळं संपतं. मग उरलेले ३६४ दिवस तिथं काय? खांब, कुंपण, पहारा.

ह्याला डिझाइनचा प्रश्न म्हणतात. एक दिवस लाखो माणसं आणि बाकी वर्ष शांतता, हे एकाच जागेत कसं बसवायचं? सरकारला हा प्रश्न दिसत नाही. त्याला बंदोबस्त दिसतो. बांबूचे कठडे, टँकर, पत्र्याचे तात्पुरते संडास, वाहतूक वळवल्याच्या नोटिसा. सोय झाली हे खरं, पण ती एका दिवसाच्या पाहुण्याची सोय. दरवर्षी तीच माणसं त्याच दिवशी येतात, शंभर वर्षं होत आली, आणि तरी आपली व्यवस्था हंगामीच?

पाण्याचं बघा. १८१८ च्या त्या लढाईत सैनिक रात्रभर चालून आले होते आणि दिवसभर तहानेनं तडफडले. नदी समोर दिसत होती, पण वाट शत्रूच्या हातात. बाबासाहेब कोरेगावला आले ते १९२७ च्या १ जानेवारीला आणि महाडला चवदार तळ्याचं पाणी प्याले ते त्याच सालच्या २० मार्चला. अडीच महिन्यांचं अंतर. जिथं पाणी हाच इतिहास आहे, तिथं पाणी टँकरनं येतं! मी जर त्या आवाराचा नकाशा काढायला बसलो तर पहिली रेघ पाण्याची ओढीन. नदीच्या काठापासून खांबापर्यंत पाणी चालत आलं पाहिजे, हात लावता येईल, पिता येईल, लेकराचं तोंड धुता येईल असं. नंतर खांबाकडं बघीन.

दुसरी रेघ बायांच्या संडासाची. हसू नका. आपल्या आयाबाया दिवसभर पाणी न पिता अभिवादन करून परत जातात, कारण जायला जागा नसते. स्मारकाचं मोजमाप तिथून सुरू होतं.

तिसरी रेघ वाटेची. १ जानेवारी २०१८ ला अभिवादनाला आलेल्यांवर दगड पडले, गाड्या जळल्या, एक जीव गेला. पुढं कुणावर खटले झाले आणि कोण तुरुंगात सडलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. फादर स्टॅन स्वामी २०२१ मध्ये कोठडीतच गेले. त्या दिवसाचा न्याय कोर्टात आणि रस्त्यावरच लढावा लागेल, नकाशानं तो मिळणार नाही. पण लाखो माणसं एका रस्त्यावर, एका पुलावर अडकतात तेव्हा पळायला वाट कुठं? लेकरं घेऊन आडोसा कुठं? हा प्रश्न विचारणारा आपला माणूस आखणीच्या टेबलाशी बसलेला पाहिजे.

चौथी रेघ सावलीची. १ जानेवारीच्या भर दुपारी सूर्य तिथं क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवर असतो. म्हणजे ६० फुटी खांबाची सावली पन्नासेक फूट लांब, उत्तरेच्या अंगाला पडते. ज्यांच्या सावलीचा विटाळ होता त्यांची नातवंडं त्या सावलीत बसून भाकरी खातील, अशी जागा आखता येते. त्याला फार पैसा लागत नाही. अक्कल आणि आपलेपणा लागतो.

आपल्या पुढाऱ्यांचं काय? त्यांना डिझाइन म्हणजे उंची. इंदू मिलच्या जागेवर बाबासाहेबांचं स्मारक. भूमिपूजन २०१५ ला. पुतळा आधी २५० फुटांचा, २०२० मध्ये ठरलं ३५० चा, खाली १०० फुटांचा पाया, एकूण ४५०. फूट वाढवले की टाळ्या. मी पुतळ्याच्या विरोधात नाही. ज्यांचे पुतळे गल्लोगल्ली फोडले जातात त्यांना पुतळ्याची किंमत कळते. पण बाबासाहेब स्वतः कसे बांधायचे? त्यांनी दादरला राजगृह बांधलं ते पुस्तकांसाठी. औरंगाबादला १९५० मध्ये मिलिंद महाविद्यालय सुरू केलं आणि इमारतींत जातीनं लक्ष घातलं. माणूस आत जाऊन बसेल, वाचेल, उभा राहील, अशी त्यांची बांधणी. कोरेगावच्या ३६४ दिवसांचं उत्तर ह्यातच आहे. तिथं वाचनालय पाहिजे, मुक्कामाची जागा पाहिजे, गावोगावच्या अत्याचारांची नोंद ठेवणारं दप्तर पाहिजे. अमेरिकेत माँटगोमेरीला २०१८ मध्ये झुंडीनं मारलेल्या काळ्या माणसांचं स्मारक उघडलं. आठशेवर पोलादी खांब, एकेका जिल्ह्याचा एकेक, वर टांगलेले, त्यांवर चार हजारांहून जास्त नावं. आपण नाव घेतलं ते काळ्या पँथरांचं, मग त्यांचं हेही शिकू या. खैरलांजीचा खांब कुठं आहे? रमाबाई नगरचा कुठं आहे?

आता त्या पोरीच्या घरच्यांना उत्तर. बी.आर्क. च्या पाच वर्षांत दुसऱ्यानं दिलेलं काम करायचं असतं. मास्तर सांगतो बंगला, तुम्ही बंगला काढता. मास्तर सांगतो मॉल, तुम्ही मॉल काढता. पुढं नोकरीत बिल्डर सांगतो तेच. एम.आर्क. च्या दोन वर्षांत, निदान शेवटच्या प्रबंधात, प्रश्नच तुम्ही ठरवता. काय बांधायचं, कुणासाठी, किती, का, आणि काय बांधायचं नाही, हे तुम्ही लिहिता आणि पुराव्यानं सिद्ध करता. माणसं मोजता, उतार मोजता, पुराची रेषा काढता, जुने दस्तऐवज उघडता. म्हणजे दुसऱ्याच्या हुकमावर रेघा ओढणारा हात आणि स्वतःचा प्रश्न मांडणारं डोकं, यांच्यामधली ही दोन वर्षं आहेत. व्यवस्थेनं आपल्याला हात म्हणून हजारो वर्षं वापरलं. दगड फोडणारा वडार, विटा थापणारी बाई, वेठीला धरलेला महार, हे सगळे हात. डोकं व्हायची वेळ आली की म्हणतात दोन वर्षं फुकट घालवू नका!

पण आत गेलात की तिथं एक भूत बसलंय, ते आधीच सांगून ठेवतो. त्याचं नाव ज्युरी. तुम्ही रात्ररात्र जागून काढलेल्या शीट्स भिंतीवर टाचता आणि समोर पाचसहा परीक्षक बसतात. ही पद्धत पॅरिसच्या जुन्या कलाशाळेतून आलीय. तिथं शेवटच्या क्षणी पोरांची ड्रॉइंगं गोळा करायला हातगाडी फिरायची. तिला शारेत म्हणायचे आणि आजही घाईच्या कामाला आर्किटेक्ट तोच शब्द वापरतात. फरक एवढाच, की तिथं ज्युरी बंद दाराआड ड्रॉइंगं बघायची. आपल्याकडं ती माणूस बघते. आडनाव बघते, इंग्रजी ऐकते, कपडे बघते. गणिताच्या पेपरात उत्तर बरोबर की चूक ते ठरतं. डिझाइनमध्ये 'जमलं नाही' एवढं म्हटलं की खलास. आपल्या पोरानं वस्तीतल्या नळावर काम केलं तर ऐकावं लागतं, "हे समाजकार्य आहे, आर्किटेक्चर कुठं आहे?" तेच पाणी राजस्थानच्या बावडीत दाखवलं की कविता होते.

आम्ही उगाच कांगावा करतोय असं कुणाला वाटलं तर २००७ चा थोरात समितीचा अहवाल वाचा. दिल्लीच्या एम्समध्ये दलित-आदिवासी विद्यार्थ्यांना तोंडी आणि प्रात्यक्षिक परीक्षांत कसं वागवलं जातं हे त्यात नोंदवलंय. डॉक्टरकीत हे होतं, तर जिथं सगळी परीक्षाच तोंडी त्या डिझाइनमध्ये काय होत असेल?

उपाय आहे. १९८१ साली अमेरिकेत व्हिएतनाम युद्धात मेलेल्यांच्या स्मारकाची स्पर्धा झाली. १४२१ आराखडे आले. एकावरही नाव नाही, फक्त नंबर. निवडलेला आराखडा उघडला तर येल विद्यापीठातली एकवीस वर्षांची विद्यार्थिनी निघाली, माया लिन, चिनी स्थलांतरितांची मुलगी. उंच काही नाही. जमिनीत उतरणारी काळ्या दगडाची भिंत आणि तीवर हजारो नावं, हुद्द्यानं नव्हे, मरणाच्या क्रमानं. नाव कळल्यावर गोऱ्यांनी बोंब मारलीच. पण तोवर निकाल लागला होता. नंबर टाका, नाव झाका, मग बघू गुणवत्ता कुणाच्या घरी पाणी भरते! प्रबंधाच्या शीट्स आधी नावाविना तपासा, गुण कशाला किती ते आधी लिहून द्या, मग तोंडी घ्या. ही मागणी घेऊन आपल्या विद्यार्थी संघटनांनी विद्यापीठांच्या दारात बसलं पाहिजे. तिला एक पैसा लागत नाही, म्हणूनच ती देणं त्यांना जड जाईल.

पैशाचं बोलू. महाराष्ट्रात अनुसूचित जातींना १३ टक्के जागा आहेत. अडीच लाखांच्या आत उत्पन्न असेल तर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. गेटच्या परीक्षेत आर्किटेक्चर अँड प्लॅनिंगचा स्वतंत्र पेपर असतो. तो पार करून केंद्राच्या संस्थेत एम.आर्क. ला गेलं तर महिन्याला १२,४०० रुपयांचं विद्यावेतन आहे. कागदावर दार उघडं आहे. पण शिष्यवृत्ती येते वर्ष सरताना आणि प्रिंटवाला पैसे मागतो आज. मोठ्या शीटचे प्रिंट, मॉडेलचा बोर्ड, जोरदार लॅपटॉप, साइट बघायचा प्रवास, हे कुठल्याच फीमाफीत बसत नाही. पोरं इथंच गळतात, हुशारीत नव्हे. जयंतीच्या डीजेवर एका रात्रीत जे उडतं त्यात दोन पोरांचा प्रबंध छापून होतो. मंडळवाल्यांनो, राग आला तर येऊ द्या.

आणि एक आक्षेप आपल्यातलाच: स्मारकांचं काय घेऊन बसलात, लोकांना घरं पाहिजेत. बरोबर. पण घरंसुद्धा कुणीतरी आखतंच. बीडीडीच्या १६० फुटांच्या बदल्यात ५०० फुटांची घरं आली, वरळीत २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या. चांगलं झालं. पण चाळीच्या गॅलरीत जी चळवळ उभी राहिली, जिथं रात्री सभा व्हायच्या, पोरं दिव्याखाली अभ्यास करायची, ती गॅलरी चाळीस मजल्यांच्या टॉवरमध्ये कुठं गेली? ती नकाशातून गळली, कारण नकाशा काढणारा तिथं कधी उभा राहिला नव्हता. कोरेगावच्या आवाराचा विचार करायला शिकलेला माणूसच उद्या ह्या गॅलरीचा विचार करील.

तेव्हा आर्किटेक्चर शिकणाऱ्या मित्र-मैत्रिणींनो, येत्या १ जानेवारीला फुलांबरोबर मोजपट्टी आणा. चौघांनी पुलावर उभं राहून दर तासाला माणसं मोजा. चौघींनी बायांच्या रांगेत उभं राहून घड्याळ लावा. दोघांनी नदीपासून खांबापर्यंतचा उतार काढा. दोघांनी पेरण्याच्या आणि कोरेगावच्या माणसांना भेटा. सगळ्या जातींच्या, कारण तिथं वर्षभर तेच राहतात. हे सगळं कागदावर आलं की तो तुमच्या प्रबंधाचा पहिला भाग झाला, आणि सरकारच्या टेबलावर आपटायला आपल्या हातात कागदही आला. बांबूचे कठडे ठोकायला ते दरवर्षी तयारच असतात. आपला नकाशा तयार आहे का?

जय भीम!